तेलरंगातली प्रस्तावना

मित्रांनो, फळा म्हटले की तुम्हाला खडूचा वास आठवत असेल. माझ्या अंगाला मात्र टर्पेंटाइनचा आणि माणसाच्या थुंकीचा वास येतो. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण हे वास माझे नाहीत, मला फासलेले आहेत. मी सुरतेच्या लिंबायतमधला लाकडी चौकटीचा एक काळा फळा. हल्ली एका गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभा असतो. माझी हकिकत ऐकताना तुम्हाला मधूनमधून किळस येईल. मलाही सांगताना येणार आहे.

सुरुवात मात्र माझी स्वच्छ झाली. जाड प्लाय, सागाची चौकट आणि घासून घासून चढवलेला काळा रंग. सुताराने मला उन्हात उभे केले तेव्हा माझ्यात त्याचा चेहरा दिसत होता. तिथून मी एका मराठी प्राथमिक शाळेत गेलो. वर्गाच्या उषाबाई रोज शाळा सुटताना मला ओल्या फडक्याने पुसत. फळा आंघोळ करून झोपला पाहिजे, असे त्या मुलांना सांगत. मुले माझ्यावर वाकडी अक्षरे काढत, चुकत, पुसत, पुन्हा काढत. माझे सगळे सुख त्या पुसण्यात होते. सकाळी मी कोरा असे आणि आज काय येणार याची वाट पाहत असे.

पुढे वर्गात प्रोजेक्टरचा मोठा पडदा आला. मोडक्या बाकांबरोबर मला भंगारवाल्याने नेले आणि तिथून योगराज सरांनी उचलले.

योगराज सरांचे वडील खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायला आलेले. सर इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि ग्रे म्हणजे न रंगवलेल्या कापडाच्या घड्या घालतात त्या दुकानाच्या माळ्यावर त्यांनी शिकवणी काढली. खाली लूमची खडखड आणि हवेत सुताची रुई. पोटतिडकीने शिकवणारा माणूस होता तो. आवाज बसेपर्यंत क्रियापदे घोकून घेई. इंग्रजी आले तर पोरगे लूमवर जायचे नाही, असे आईबाप म्हणत आणि सरांचाही त्यावर विश्वास होता.

मग एका वर्षी दहावीतला एक मुलगा इंग्रजीत चांगल्या मार्कांनी पास झाला. निबंध कसा लिहिलास, असे सरांनी विचारल्यावर त्याने गाइडमधून पाठ केलेली सुरुवात म्हणून दाखवली. विषय कोणताही असो, ती सुरुवात बसतेच, असेही तो म्हणाला. सरांचे डोळे चमकले. मी ती चमक समोरून पाहिली. माझे वाईट दिवस तिथून सुरू झाले.

रिक्षांच्या मागे नावे रंगवणारा उखा पेंटर दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन आला. माझ्या वरच्या अर्ध्या अंगावर त्याने पांढऱ्या तेलरंगात इंग्रजीच्या चार ओळी रंगवल्या. त्यांचा अर्थ असा होता:

आजच्या धावत्या आधुनिक जगात ____ ला फार महत्त्वाचे स्थान आहे.
प्राचीन काळापासून माणूस ____ चा विचार करीत आला आहे.
प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, त्याप्रमाणे ____ वरदान आहे आणि शापही आहे.
चला तर, आपण ____ चे फायदे-तोटे सविस्तर पाहू.

उखाला इंग्रजी येत नव्हते. शाप या अर्थाच्या शब्दात त्याच्याकडून एक अक्षर जास्त पडले. सरांच्या लक्षात आले तोवर रंग वाळला होता. राहू दे, एका अक्षराने काय होतंय, असे ते म्हणाले. तेव्हापासून त्या शिकवणीतून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलाने तो शब्द तसाच चुकीचा लिहिला.

आता मुलांना फक्त रिकाम्या जागा भरायच्या होत्या. सर विषय सांगत. एक मूल उठून माझ्यावरच्या चारही जागांत खडूने शब्द लिही आणि सगळा वर्ग एका सुरात वाचे. मोबाइल, गाय, दिवाळी, वृक्ष. वाचून झाले की सर उठत, जिभेवर बोट ओले करत आणि त्या ओल्या बोटाने चारही जागा पुसत. डस्टर शेजारी खिळ्याला लटकलेले असे. पण तेवढ्याशा जागेला डस्टर कशाला, हे त्यांचे गणित. दर तासाला ती थुंकी माझ्या अंगावर वाळे. त्यावर दुसरा शब्द येई, तोही तसाच पुसला जाई. त्या चार जागी माझा काळा रंग उडून करडे, चिकट डाग पडले.

मित्रांनो, थुंकीपेक्षाही मला शिसारी आली ती वेगळ्याच गोष्टीची. एकदा विषय होता 'माझी आजी'. आधुनिक जगात माझ्या आजीला महत्त्वाचे स्थान आहे, माझी आजी वरदान आहे आणि शापही आहे, असे वाचताना मुले खदखदून हसली. मला बरे वाटले. म्हटले, अजून यांना कळते आहे. पुढच्या वर्षी तोच विषय आला. तीच वाक्ये वाचली गेली. कुणीही हसले नाही.

गायत्री त्या वर्षी दहावीला होती. तिचे वडील धुडकू जवळच्या पलसाण्याच्या एका प्रोसेसिंग कारखान्यात कापड रंगवण्याच्या खात्यात होते. आई सरलाबाई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवण्याचे काम करी. गायत्रीला नर्स व्हायचे होते. तिचे अक्षर टपोरे आणि पाठांतर चोख, म्हणून सरांचा तिच्यावर जीव. शिकवणी सुटताना अंधार पडलेला असला की धुडकू तिला न्यायला जिन्यात येऊन थांबत. त्यांच्या हातांना कायम कुठला ना कुठला रंग असे. दाराच्या चौकटीला हात लागू नये म्हणून ते हात मागे बांधून उभे राहत.

दिवाळीनंतर गायत्री यायची थांबली. मग मुलांच्या बोलण्यातून कळले. कारखान्यात टाकी साफ करायला दोघे जण उतरले होते. आत वायू साचलेला होता. एक वर आला. धुडकू आले नाहीत.

ती परत आली तेव्हा सराव परीक्षा तोंडावर होती. तिच्या काकांचे म्हणणे होते की आता शाळा पुरे, पोरीने आईबरोबर खडे लावावेत. सरलाबाईंनी एवढेच कबूल करून घेतले होते की दहावी होऊ द्या, मार्क पाहू, मग ठरवू. मैत्रिणींना हे सांगताना गायत्री माझ्याकडे पाहत होती. पाठ केलेले अजून आठवते का, हे ती चाचपत असावी.

सराव परीक्षेत निबंध आला, 'मी कधीही विसरू शकणार नाही असा दिवस'. सर पेपरांचा गठ्ठा तपासून घेऊन आले. प्रत्येक निबंधाच्या पहिल्या चार ओळींवर त्यांनी एकच लांब टिक ओढली होती. प्रस्तावना कशी भरावी ते गायत्रीकडून शिका, एवढे दिवस घरी असूनही एक अक्षर इकडचे तिकडे झालेले नाही, असे त्यांनी वर्गाला सांगितले. मग तिला फळ्यावर ते भरून दाखवायला लावले आणि स्वतः खुर्चीत बसून मोबाइलमध्ये पाहू लागले.

गायत्री उठली. जागा लहान होत्या म्हणून तिने बारीक अक्षर काढले. चार ठिकाणी तेच तीन शब्द. माय फादर्स डेथ. तिचा हात हलका होता. खडू माझ्यावर टेकतो आहे की नाही, तेही कळू नये इतका.

वर्गाने सवयीने वाचायला सुरुवात केली. आजच्या धावत्या आधुनिक जगात माझ्या वडिलांच्या मृत्यूला फार महत्त्वाचे स्थान आहे. पहिली ओळ खणखणीत आवाजात पार पडली. प्राचीन काळापासून माणूस माझ्या वडिलांच्या मृत्यूचा विचार करीत आला आहे. इथे पुढच्या बाकांवरचे आवाज गळाले. तिसरी ओळ मागच्या बाकावरच्या एकट्या मुलाने वाचली. तो वरदानापर्यंत आला आणि त्याचेही तोंड मिटले.

"पुढे," सर मान वर न करता म्हणाले.

कुणी वाचेना. तेव्हा त्यांनी वर पाहिले. चारही ओळी त्यांनी स्वतःशी वाचल्या. ती वाक्ये ते बहुधा त्या वर्षी पहिल्यांदाच वाचत होते. गायत्री खडू हातात धरून उभी होती.  सरांना काहीतरी बोलायचे होते, हे मला दिसत होते. पण इतकी वर्षे दुसऱ्यांची वाक्ये बोलून त्यांच्याजवळ स्वतःचे एकही उरले नव्हते.

"स्पेलिंग बरोबर आहे," ते म्हणाले.

मग ते उठले आणि जिभेवर बोट ओले केले. पहिल्या जागेतला तिचा बाप त्यांनी पुसला. दुसऱ्या जागेतला पुसला. तिसऱ्या जागेतला पुसला. चौथ्याला बोट कोरडे पडले. त्यांनी तास सुटल्याचे सांगितले आणि ते खाली निघून गेले.

फळ्याला ओकता येत नाही, मित्रांनो.

त्यानंतरचा तास प्रज्ञाताईचा असे. गल्लीतल्या, रेल्वेत काम केलेल्या श्रीपतरावांची ही मुलगी बी. एड. करत होती आणि संध्याकाळी मुलांना गणित शिकवी. तिने आत येऊन डस्टर उचलले आणि ती थांबली. चौथी ओळ पुसायची राहिली होती. चला तर, आपण माझ्या वडिलांच्या मृत्यूचे फायदे-तोटे सविस्तर पाहू. हे कुणी लिहिले, असे तिने विचारले. मुलींनी जिन्याकडे बोट दाखवले. गायत्री तिथे चपला घालत होती.

प्रज्ञाताईने गणिताच्या मुलांना बाहेर थांबवले आणि तिला आत आणून बाकावर बसवले. हे का लिहिलेस म्हणून विचारले, तेव्हा पहिल्या चार ओळी ह्याच लिहायच्या असतात, असे गायत्रीने सांगितले. आणि तुला काय लिहायचे होते? ते इंग्रजीत येत नाही, असे ती म्हणाली.

"मग घरच्या बोलीत सांग," प्रज्ञाताई म्हणाली. "त्या दिवशी सगळ्यात आधी तुला काय दिसलं?"

खाली लूम चालू होते. 

"पहिले आबाना डबा उना," ती म्हणाली. "आबासंगे काम करनारा एक जन दारमा ठेई गया. मायले वाटनं, आबा आज लवकर सुटनात. तिनी चहा ठेवा." तिने ओढणीचे टोक पिळले. "डबा घर उना, ताई. आबा नही उना."

प्रज्ञाताईने काही समजावले नाही. ती माझ्या खालच्या मोकळ्या भागाशी वाकली आणि तिने इंग्रजीत दोन छोटी वाक्ये लिहिली. द टिफिन केम होम. माय फादर डिड नॉट. गायत्रीने ती वाचली. त्यातला एकही शब्द तिला नवा नव्हता. एवढेच चालते का, असे तिने विचारले. एवढेच, असे प्रज्ञाताईने सांगितले. आता पुढच्या वाक्यात हा निबंध कशाबद्दल आहे ते सांग. तिने खडू गायत्रीच्या हातात दिला. आईने चहा ठेवलेला होता आणि तो दिवस मी विसरू शकत नाही, असे गायत्रीने तिसरे वाक्य लिहिले. व्याकरणात जरा चुकली. पण कितीतरी वर्षांनी माझ्यावर एक माणूस लिहीत होता.

दुसऱ्या दिवशी सरलाबाई आल्या. गल्लीतल्या मुलींनी त्यांना सांगितले होते. त्या भांडायला आल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर सारखा करून दारातच उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हते. खरोखर काय ते विचारायला त्या आल्या होत्या.

"सर, तुमना फळावर लिखेल व्हतं म्हने. मना घरधनी शाप व्हता का?"

योगराज सरांनी तो फक्त नमुना असतो, सगळ्याच विषयांना तसे लिहितात, असे काहीतरी सांगितले. सरलाबाई मान डोलवत ऐकत राहिल्या आणि समजले नाही तशाच गेल्या.

त्या गेल्यावर प्रज्ञाताईने सरांना अडवले. सरांचाही नाइलाज होता. परीक्षेला थोडे दिवस उरले आहेत आणि पोरांच्या हातात काहीतरी द्यायला नको का, असे त्यांचे म्हणणे.

"तपासणाऱ्याला कुठे वेळ असतो?" ते म्हणाले. "ओळखीचं दिसलं की तो टिक मारून पुढे जातो."

"तुम्हीही तेच केलंत, सर," प्रज्ञाताई म्हणाली. "टिक मारून पुढे गेलात."

 तुझ्या वेळेत काय करायचे ते कर, एवढे म्हणून सरांनी विषय संपवला.

मग गणित झाल्यावर रोज थोडा वेळ माझ्या खालच्या अर्ध्या भागावर निबंधांच्या सुरुवाती लिहिल्या जाऊ लागल्या. प्रज्ञाताई मुलांना प्रश्न दोनदा वाचायला लावी आणि नेमके काय विचारले आहे ते सांगायला लावी. सगळे जग आणि प्राचीन काळ बोलावू नका, असे ती म्हणे. डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या गोष्टीपासून निघा. तीन वाक्ये पुरे. तिसऱ्या वाक्यापर्यंत वाचणाऱ्याला कळले पाहिजे की तुम्ही त्याला कुठे घेऊन चालला आहात. आणि तीच सुरुवात दुसऱ्या निबंधाला चिकटवता आली, तर ती याही निबंधाची नव्हे. 'प्रदूषण' या विषयावर मागच्या बाकावरच्या त्या मुलाने लिहिले की, आमच्या घरामागच्या खाडीचा रंग बाजारातल्या साड्यांबरोबर बदलतो. मुले हसली आणि मग एकमेकांकडे पाहू लागली. कारण ते खरे होते. रोज शेवटी प्रज्ञाताई ओल्या फडक्याने मला पुसे. वर चार ओळी तशाच चिकटलेल्या असत. त्या पुसल्या जात नसत.

परीक्षा झाली आणि निकाल लागला. गायत्रीला इंग्रजीत शिकवणीत सर्वांत जास्त मार्क पडले. काका निमूटपणे अकरावीला कबूल झाले. इथे ही गोष्ट संपली असती तर मी आज तुमच्याशी इतक्या कडवटपणे बोललो नसतो.

निकालानंतर पुन्हा उखा पेंटर आला. त्याने माझ्या जुन्या चार ओळींवर काळा रंग मारला. माझ्या मनात आले, सरांना उपरती झाली. रंग वाळल्यावर सरांनी त्याच्या हातात मुलांच्या वहीतून उतरवून घेतलेला एक कागद दिला आणि उखाने रंगवायला घेतले. द, मग रिकामी जागा, केम होम. माय, मग रिकामी जागा, डिड नॉट. नव्या बॅचसाठी नवी प्रस्तावना. कोणत्याही विषयाला बसणारी.

पेढे घेऊन गायत्री त्याच वेळी वर आली. शेवटचा शब्द अजून ओला होता. सर हसतमुखाने पुढे झाले आणि ही आता तुझ्या नावाची प्रस्तावना, सगळ्यांना पाठ करायला लावणार, असे कौतुकाने सांगू लागले. त्यांना मनापासून वाटत होते की ते तिचा मान राखत आहेत. मला शिसारी आली ती त्याचीच.

गायत्रीने पेढ्यांचा पुडा बाकावर ठेवला. उखाच्या डब्याशेजारी टर्पेंटाइनची चिंधी पडली होती, ती उचलली आणि माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत फिरवली. उखा स्टुलावरून उतरून बाजूला झाला. पांढरा रंग पसरत गेला, नवा काळा रंगही सुटला, तिचे हात कोपरापर्यंत माखले. ती रडत नव्हती.

"अगं, तुझा मान म्हणून केलं हे," सर म्हणाले.

"मान असता तर रिकाम्या जागा ठेवल्या नसत्या, सर," गायत्री म्हणाली.

तिने चिंधी होती तिथे ठेवली आणि माखलेले हात मागे बांधून ती जिना उतरली. पेढे बाकावरच राहिले. ते कुणी खाल्ले नाहीत.

त्या तेलकट लेपावर खडू उमटेना, म्हणून मला गच्चीवर टाकले. वर्गात मार्करचा पांढरा बोर्ड आला. प्रज्ञाताईला शाळेत नोकरी लागली. तिने एकदा मला न्यायचे म्हणून सरांकडे मागितले, पण गाडीत मी मावलो नाही आणि ते तसेच राहून गेले. आता कबुतरे माझ्यावर शिटतात आणि उन्हाने माझी प्लाय फुगली आहे. पण कबुतरांची मला किळस येत नाही. तो त्यांचा स्वभाव आहे.

गेल्या महिन्यात एका दुपारी योगराज सर एकटेच वर आले. त्यांचे वडील वारल्याला थोडे दिवस झाले होते. डोक्यावरचे केस अजून खुरटे होते. त्यांनी खिशातून खडू काढला. माझ्या उजव्या कोपऱ्यात अजून जुना काळा रंग शिल्लक आहे. तिथे वाकून त्यांनी इंग्रजीत 'माय फादर' असे लिहिले आणि हात थांबला. ते उन्हात तसेच वाकून राहिले. पुढचा शब्द आला नाही. खाली मुले एका सुरात काहीतरी वाचत होती. सरांचे बोट सवयीने जिभेकडे गेले. मी अंग चोरले. पण बोट अर्ध्या वाटेवर थांबले. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने ते दोन शब्द हळूच पुसले आणि ते खाली गेले.

त्या दिवशी मला किळस आली नाही. का, ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा फळा तुमच्या वाट्याला आला तर त्याला रोज ओल्या फडक्याने पुसा. पुसता येणार नाही असे काहीही त्याच्यावर लिहू देऊ नका. आणि कुणी तयार वाक्य पुढे करून त्यातली रिकामी जागा भरायला सांगितले, तर भरण्याआधी एकदा ते मोठ्याने वाचा.